सापळ्याचे नियम

परीक्षणासाठी माझ्याकडे कवितासंग्रह येतात, त्यामुळे माणसाचा सापळा कसा होतो हे मला अनुभवानं ठाऊक आहे. पण तो नियमानुसार कसा करावा हे सांगणारं पुस्तक परवा भाच्यानं आणून दिलं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ १९७४ साली निघाला. चारपाचजण टेबलाभोवती बसून 'मी मांत्रिक, तू योद्धा' असं ठरवतात आणि फासे टाकतात. भाच्याकडची आवृत्ती २००३ची, क्रमांक साडेतीन. मुहूर्त आणि शक्तिपीठं सोडली, तर हा आकडा मी प्रथमच पाहिला.

तर कृती. मृत प्राण्याला मुळात हाडं हवीत. (आमचे एक साहेब इथेच सुटले; त्यांना कणा नव्हता.) तोंडात किंवा डोळ्याच्या खाचेत काळा ऑनिक्स खडा ठेवून मंत्र म्हणायचा. सापळा उठतो. ताकद पूर्वीइतकीच, स्नायूंविना ती येते कुठून, हे विचारायचं नाही. चपळाई २ गुणांनी वाढते. वजन उतरल्याचा फायदा. तलवारीच्या घावातले ५ गुण वजा होतात, सोटा मात्र पुरा लागतो. हे पटतं. बुद्धी मुळीच नाही, व्यक्तिमत्त्वाला १ गुण. जन्मभर कमावलेलं कसब, हुद्दे, सगळं पुसलं जातं. फक्त हत्यार चालवायची हाताची सवय तेवढी शिल्लक राहते.

इथे मी थांबलो. आमची आजी शेवटच्या वर्षी सगळ्यांची नावं विसरली. मला 'कोण रे तू?' म्हणायची. पण समोर कापूस ठेवला, की बोटं आपोआप वाती वळायला लागायची, एकसारख्या, नेटक्या. विस्कॉन्सिनकडच्या मंडळींनी सुरू केलेल्या या खेळाला हे कसं कळलं, देव जाणे! या एका नियमासाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करीन.

एकशेएकावा मात्र नाही. शेवटी लिहिलंय, 'स्वभाव : नेहमी दुष्ट.' अहो, बुद्धी तुम्हीच काढून घेतलीत ना? मग दुष्टपणा करायचा कशानं? आजी ताट लोटून द्यायची तेव्हा शेजारीण म्हणे, 'म्हातारी खाष्ट आहे हो!' तीही याच पंथातली. समजत नाही त्याला वाईट म्हटलं, की सोटा उगारायला बरं पडतं.

"कसं वाटलं, मामा?" भाच्यानं विचारलं.

"झकास. फक्त स्वभावाची ओळ खोडून टाक."

"पुस्तक मित्राचं आहे रे!"

"मग पेन्सिलीनं खोड."