ढगाला काय हवं होतं?

परग्रहवासीयांच्या स्वारीची कादंबरी हातात घेतली, की मी साताऱ्याच्या माणसाला शोभेल असा खवचट प्रश्न आधी विचारतो : एवढ्या लांबून यांना आणलं कशानं? पाणी न्यायला आले म्हणावं, तर बर्फ धूमकेतूंमध्ये हवा तेवढा पडलाय. खनिजं म्हणावीत, तर ती लघुग्रहांवरही आहेत आणि तिथं कुणी बंदूक घेऊन आडवं येत नाही. गुलाम हवेत म्हणावं, तर प्रकाशवर्षं ओलांडणाऱ्यांना ओझी वाहायला माणूस कशाला लागतो? बहुतेक लेखक इथंच घसरतात, आणि मग स्फोट वाढवतात.

वेल्सला ही अडचण नव्हती. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' (१८९८) मधले मंगळवासी शेजारचेच, त्यांचा ग्रह थंड पडत चाललेला. पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून देतो. ताऱ्याताऱ्यांमधलं अंतर तोडून येणाऱ्याचा हेतू मात्र मला पूर्ण पटला तो एकाच कादंबरीत : फ्रेड हॉएल यांची 'द ब्लॅक क्लाऊड', १९५७. जयंत नारळीकर पुढे केंब्रिजला याच हॉएलांचे विद्यार्थी झाले. आधी गणित, मग गोष्ट ही नारळीकरांच्या कथांतली शिस्त कुठल्या घराण्याची, ते ही कादंबरी वाचताना कळतं.

सुरुवात पाहा. मृग नक्षत्राच्या दिशेनं महिन्याच्या अंतरानं घेतलेल्या दोन फोटोप्लेट. यंत्रात त्या आलटून पालटून पाहताना एका काळ्या ठिपक्याच्या कडेचे तारे नाहीसे झालेले दिसतात. ठिपका मोठा झालाय. पॅसाडेनाच्या बैठकीत एक तरुण फळ्यापाशी जातो. ढग किती लांब आहे ते ठाऊक नाही, वेगही ठाऊक नाही. तरी तो पोचायला किती अवधी आहे ते निघतं. ठिपका महिन्याला पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर उरले सुमारे वीस महिने. अंतर माहीत असण्याची गरजच नाही. शाळकरी त्रैराशिकानं अंगावर काटा आणणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

पण माझ्या मते कादंबरीचा खरा सांधा पुढे आहे. सूर्याजवळ येताना ढग वेग कमी करतो; स्वतःतलाच वायू पुढच्या बाजूला फेकून ब्रेक मारतो. निर्जीव ढगाला थांबायचं काय कारण? किंग्जली हा तिरसट शास्त्रज्ञ या प्रश्नावर अडतो, आणि आपणही त्याच्याबरोबर अडतो. हेतू इथं कुणाच्या भाषणातून येत नाही, गतिशास्त्रातून येतो. ढगाला ऊर्जा हवी आहे, म्हणून तो एका ताऱ्यापाशी मुक्काम करतो. त्याच्या सावलीत पृथ्वी गारठते, माणसं मरतात, आणि ढगाला त्याचा पत्ताही नाही. पुढे रेडिओवरून संवाद जुळतो, तेव्हा तो चकित होतो : घट्ट ग्रहाच्या पाठीवर विचार करणारे जीव? गुरुत्वाकर्षणामुळे तिथं मेंदू मोठा होऊ शकत नाही, वाट्याला येणारी ऊर्जाही तुटपुंजी! आपल्या अस्तित्वाला त्याच्याकडे शास्त्रीय हरकत आहे. हे पान मी पुनःपुन्हा काढून वाचतो.

साताऱ्यात बसून ते वाचताना रंगो बापूजी आठवतात. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं, आणि रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले. परतले १८५३ मध्ये. मधल्या काळात, १८४८ साली, गादीवर बसवलेले आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीनं अमान्य केला आणि राज्य खालसा झालं. १८१९ च्या तहात वारसांचा उल्लेख आहे, असं म्हणणारा मुंबईचा गव्हर्नर क्लार्क होता. त्याच्या जागी फॉकलंड आला, आणि त्यानं खालसा करण्याच्या बाजूनं मत दिलं. कुणाला साताऱ्याचा राग होता असं नव्हे. महसूल हवा होता, मुलूख सलग हवा होता. किंग्जलीला निदान थेट ढगाशी बोलता आलं.

कादंबरीत खटकणारंही आहे. राजकारणी सगळे मठ्ठ आणि शास्त्रज्ञ तेवढे शहाणे, हा हॉएलांचा हट्ट जाचतो. क्षेपणास्त्रं सोडण्याचा मूर्खपणा महासत्ता करतात, तेव्हा ढग ती नुसती पाठवणाऱ्यांच्या दिशेनं वळवतो. चिडत नाही, सूडाची भाषा नाही, हे मात्र अस्सल. आणि तो जातो तेही स्वतःच्या कामासाठी : तुलनेनं जवळचा, त्याच्याच जातीचा दुसरा ढग अचानक गप्प झालाय, तिकडे काय घडलं ते त्याला पाहायचंय. माणसांनी त्याला हरवलं नाही की त्याचं मन वळवलं नाही.

इंग्रजांचंही तसंच : अठराशे सत्तावन्नच्या उठावानंतर त्यांना संस्थानिक हाताशी हवे झाले, आणि त्यांनी दत्तकाच्या सनदा वाटल्या. सांगलीचे धुंडिराज पटवर्धन १९०१ साली वारले. १९०३ साली दत्तक आलेले चिंतामणराव गादीवर बसले आणि संस्थान १९४८ पर्यंत चाललं; दत्तकाचं शास्त्र तेच होतं.