पवनचक्की शिकारी आहे का?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गेलात तर पवनचक्क्यांआधी जरा जमिनीवरच्या दगडांकडे बघा. विणीच्या दिवसांत इथला नर सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, मिटतो. निळा, काळा, नारिंगी. याचं शास्त्रीय नाव सराडा सुपर्बा. ते २०१६ साली दिलं गेलं, आणि त्यातलं 'सराडा' चक्क आपल्या 'सरडा'वरून आलंय!

या सरड्यावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा २०१८ चा पेपर 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आहे. चक्क्या असलेले आणि नसलेले भाग त्यांनी ताडून पाहिले. चक्क्यांपाशी कापशी घार, तिसा असे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे दाट. पण पेपर गाजला तो एका उपमेमुळे: पवनचक्की म्हणजे परिसंस्थेतला नवा 'टॉप प्रिडेटर'. माझी तक्रार या उपमेबद्दल आहे.

हरणं घटली तर वाघही घटतात. चक्कीला मात्र घारी असल्या काय नि नसल्या काय, ती फिरतच राहते. भक्ष्य-भक्षकांचं हे दोन्हीकडून बांधलेलं नातंच उपमेतून गळतं. वर सगळं लक्ष चक्की आणि घारीवर जातं, आणि पेपरातला खरा ऐवज मागे पडतो. तो सरड्याच्या अंगात आहे.

चक्क्यांजवळच्या सरड्यांत कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळतही नाहीत. इथवर सोपं आहे, भीती गेली. पण हेच सरडे लांबीच्या मानाने हडकुळे, आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके. आता बघा, शिकारी कमी झाले की भडक असणं उलट परवडायला हवं. जॉन एंडलर यांच्या गप्पी माशांवरच्या १९८० च्या प्रसिद्ध प्रयोगात तसंच झालं होतं: शिकारी मासे नव्हते तिथे पिढ्यांगणिक नर जास्त रंगीत होत गेले. इथे नेमकं उलटं. म्हणजे 'भीती गेली' एवढ्याने भागत नाही, दाटीमुळे वाढलेली चुरसही हिशेबात धरावी लागते. लेखकांनी ती धरली आहे, आणि पेपरचा सगळ्यात चांगला भाग मला हाच वाटतो. बातम्यांत तो शेवटच्या परिच्छेदात, तोही असलाच तर.

एक अडचण मात्र उरते. ही तुलना जागेची जागेशी आहे, चक्क्या येण्याआधीच्या पठाराशी नाही. चक्क्या वारा बघून उभ्या करतात, त्यांच्यासोबत रस्ते येतात. त्यामुळे फिके रंग नक्की दाटीचेच, हे ठरवायला प्रयोग लागेल. चक्क्यांजवळ काही तुकड्यांना कुंपण घालायचं, आतले निम्मे सरडे उचलून बाहेर सोडायचे आणि पुढच्या विणीला उरलेल्या नरांचे पंखे मोजायचे. रंग परत आले तर चुरस खरी. नाही आले, तर रस्ते आणि वाऱ्याकडे बघावं लागेल.