भुकेली जगदंबा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बोलांनी अमृताशी पैज जिंकण्याची जी प्रतिज्ञा आहे, ती मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. भाषेचा अभिमान मिरवण्याचा प्रसंग आला की सभासंमेलनांतून ती हटकून ऐकू येते. पण ज्ञानदेवांनी ही पैज कोणत्या विषयावर लावली होती, हे पाहण्यासाठी त्याच अध्यायात दोनशे ओव्या पुढे जाणारे थोडे. पुढे जावे तर तिथे कुंडलिनी निजलेली आहे. ती जागी होते, तिला भूक लागते आणि ज्या देहात ती इतकी वर्षे निजली होती तोच देह ती खायला लागते. मराठीतील पहिली मोठी पैज या भुकेच्या वर्णनावर लागलेली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

या विसरण्याचा एक नमुना मी घरीच पाहिला. आमच्याकडे चातुर्मासात ज्ञानेश्वरी लागत असे. वाचणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांचा उच्चार स्वच्छ होता, आणि सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत समोर असल्यामुळे अर्थाला अडत नसत. पण सहाव्या अध्यायात आसन घालून झाले, की ते चष्मा काढीत, ‘हा पुढचा भाग अनुभवाचा, आपला तिथे अधिकार नाही’ असे म्हणत आणि पाने उलटून थेट अर्जुनाच्या प्रश्नापाशी येत. ऐकणाऱ्या बायका हात जोडीत. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे जे वगळले जाईल ते आधी वाचायचे असे माझे वय होते. दुपारी ओसरीवर मी तो भाग आत्याला वाचून दाखवला. आत्याला अक्षरओळख नव्हती. नवरात्राचा घट मात्र तीच बसवीत असे. तिने सगळे निमूटपणे ऐकले आणि म्हणाली, “एवढं खाल्लं तिने. मग वाढलं काय, ते सांग.” मला उत्तर आले नाही. हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

आधी मूळ मजकूर कसा आहे ते पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी नाही. शुद्ध जागा, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन, शरीर, डोके आणि मान सरळ, दृष्टी नासाग्रावर, एवढ्यावर श्रीकृष्ण थांबतात. ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत. १२९० साली नेवाशाला सांगितलेल्या या टीकेत त्यांनी दोन-तीन श्लोकांच्या फटीत सुमारे शंभर ओव्यांचा एक सबंध प्रदेश वसवला आहे. तो आला नाथपंथातून, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्याकडून. आणि ही नाथांची खूण असून ती महाविष्णूने उघड केली, असे ते स्वतःच सांगतात. गीतेची सीमा आपण ओलांडली आहे, याची जाणीव असलेल्या माणसाचे हे बोलणे आहे.

या प्रदेशाचे प्रवेशद्वार मात्र किती प्रसन्न आहे! ध्यानाची जागा अशी असावी, की वाटेने सहज चाललेल्या पाखंड्यालाही तिथे तप करावेसे वाटावे. झाडे मुळापासून गोड, पाणी पावलोपावली, ऊन असले तरी शीतळ. पाखरे फार नकोत. पण अधूनमधून एखादा मोर आलाच, तर ज्ञानदेवांची त्याला ना नाही. योगावरचे ग्रंथ मी थोडेफार चाळले आहेत. जागेचे नियम सगळेच सांगतात, परंतु मोरासाठी नियम सैल करणारा योगी मला दुसरीकडे भेटलेला नाही. आत पुढे जे घडणार आहे, त्याच्या आधी वाचकाचे मन असे निवलेले हवे, हे त्या कवीला पक्के ठाऊक होते.

मग टाच दाबून मूळबंध पडतो, हनुवटी कंठात बसून जालंधर होतो, पोट पाठीला लागून उड्डियान होतो. कोंडलेला वायू आत धुमाकूळ घालतो, आणि आसनाच्या उष्णतेने ती जागी होते. नागिणीचे पिलू कुंकवात न्हालेले असावे, तशी ती साडेतीन वेढे घालून खाली तोंड करून निजलेली असते. जागी होताच तोंड वर करते आणि हृदयाखालचा वारा गिळते. मग जिथे म्हणून मांस आहे तिथला घास घेते. तळहात, तळपाय सोडीत नाही, नखांतले सत्त्व काढते, हाडे खरवडते, सातही धातूंचा समुद्र एका घोटात पिऊन टाकते आणि देहभर कोरडा उन्हाळा पसरतो. हे सारे वर्णन स्वयंपाकघरातल्या क्रियापदांनी केलेले आहे. इथे कोठेही गूढतेचा धूर नाही. एखादी उपाशी बाई किती दिवसांनी ताटावर बसावी, तशी ती जेवते.

आपल्या टीकाकारांनी या जेवणाचे काय केले? लोकमान्य टिळकांना ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मयोग सिद्ध करायचा होता, ध्यानयोगाला त्यांनी त्या योगाचे साधन म्हणून जागा दिली आणि ते पुढे गेले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सहाव्या अध्यायावर प्रवचन केले ते चित्ताची एकाग्रता, जीवनातली परिमितता आणि समदृष्टी यांवर. त्यातही ही देवी नाही. दोघांना दोष देता येत नाही, कारण गीतेतच ती नाही. दोष द्यायचा तर तिला मान देणाऱ्यांना द्यावा लागेल. १९१९ साली वुड्रॉफसाहेबांचा ‘सर्पेंट पॉवर’ हा ग्रंथ निघाला. त्यात सोळाव्या शतकातील ‘षट्चक्रनिरूपणा’चे भाषांतर होते. तेव्हापासून कुंडलिनी म्हटली की लोकांना कमळांच्या पाकळ्या, त्यांवरची अक्षरे आणि रंगीत तक्ता आठवतो. कोणी त्या चक्रांच्या जागी मज्जातंतूंची जाळी आणि ग्रंथी बसवतो, कोणी शिबिर भरवून शुल्क घेतो. मग ज्ञानदेवांच्या ओव्या पुराव्यादाखल उभ्या केल्या जातात. पण ज्ञानदेवांनी असा तक्ता दिलेलाच नाही. पाकळ्या मोजणे, अक्षरे वाटणे हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. त्यांना त्यात गोडी नाही. त्यांना गोडी आहे ती एका घटनेत. कोणीतरी निजले होते, ते जागे झाले आणि भुकेले आहे, ही ती घटना. जो तिला शरीरशास्त्र समजून वाचतो त्याच्या हातून ही भूक निसटते, आणि जो अधिकार नाही म्हणून पान उलटतो त्याच्याही हातून निसटते.

आता आत्याच्या प्रश्नाकडे. जेवून तृप्त झाल्यावर ती सुषुम्नेपाशी स्वस्थ होते आणि तिच्या तोंडातून गरळ बाहेर पडते. तेच गरळ अमृत होऊन प्राणाला जगवते! मग वरचे चंद्रामृताचे तळे कलंडते, ते तिच्या मुखात पडते आणि तिथून सर्वांगात जिरते. वरची कातडी कोंड्यासारखी झडते आणि आतून नवे अंग दिसू लागते, ढग सरल्यावर सूर्य दिसावा तसे. नवी नखे येतात, हिऱ्यांसारखे दात येतात. म्हातारपण परत फिरते, तारुण्याची गाठही सुटते आणि हरवलेले बालपण उघडे पडते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. योग्याला नवे तारुण्य मिळते असे कोणत्याही किमयागाराने सांगितले असते. ज्ञानदेव तारुण्याशी थांबत नाहीत. त्याला मूल करून सोडतात.

त्यानंतर सिद्धींची यादी येते, आणि इथे माझे ज्ञानदेवांशी पटत नाही. समुद्रापलीकडचे दिसणे, स्वर्गातले ऐकू येणे, पाण्यावरून कोरड्या पायांनी चालणे हे सारे वाडवडिलांकडून आलेले सामान आहे. ते घरात आहे म्हणून मांडले आहे. या यादीत त्यांचे स्वतःचे असे मला एकच वाटते, ते म्हणजे मुंगीच्या मनातले ओळखणे. बाकीच्या ओव्या कुठल्याही योग्याच्या चरित्रात बसतील.

पण ही यादी संपते आणि कवी पुन्हा जागेवर येतो. आतापर्यंत तो तिला नागिणीचे पिलू म्हणत होता, शक्ती म्हणत होता. आता, इतके खाऊन-पाजून झाल्यावर, तो तिला जगदंबा म्हणतो. विश्वाच्या बीजाला जो कोंभ फुटला, त्यावर हिने सावली धरली, असे म्हणतो. हे वाचले की मला आत्याचा घट दिसतो. परडीत काळी माती, तीत सात धान्ये, मधे पाण्याचा कलश, वर टांगलेली माळ. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंधाऱ्या देवघरात वर आलेले पिवळट कोंभ. ज्ञानदेवांच्या डोळ्यांपुढे नेमका हाच घट होता असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु कुंकू, बीज, कोंभ, सावली ही सामग्री कोणत्याही योगग्रंथापेक्षा देवीच्या घरच्या पूजेला जवळची आहे, हे कोणाही गृहिणीला सांगावे लागत नाही. नाथांची परंपरा सांगतानाही अठराव्या अध्यायाच्या शेवटी ते मत्स्येंद्राला नेतात ते सप्तशृंगीवर. तिथे हातपाय मोडलेला चौरंगी त्याला भेटतो आणि पुन्हा सर्वांगाने पुरा होतो. तो देवीचा डोंगर आहे. मोडलेले अंग देवीच्या दारात भरून येते, ही श्रद्धा आजही तो गड चढणाऱ्यांना नवी नाही.

आणि तरीही ही देवी टिकत नाही. वर चढता चढता तिचे कुंडलिनी हे नावच जाते, ती नुसता वारा होते, आणि शिवाला मिळाली की शक्तिपणही उरत नाही. सहाव्या अध्यायात आई मिळते न मिळते तोच हरवते. आत्याचा प्रश्न इथे अर्धाच सुटतो. जेवण वाढले खरे, पण ते फार थोड्यांच्या पानात पडले. अर्जुनही लगेच विचारतो, की हे सगळ्यांना साधण्याजोगे आहे का?

पूर्ण उत्तर मला बाराव्या अध्यायाच्या आरंभी मिळाले, आणि ते उशिरा मिळाले, कारण ती ओवीबद्ध वंदना आपण गुरुस्तुती म्हणून डोळे मिटून ऐकतो. हा भक्तियोगाचा अध्याय. याच अध्यायात पुढे ज्ञानदेवांनी योगाच्या वाटेचे हाल सांगितले आहेत: तिथे तहानेला तहानच आणि भुकेला भूकच मिळते. पण त्याआधी, पहिल्याच ओव्यांत, ते गुरूच्या कृपादृष्टीला आई म्हणून हाक मारतात आणि तिच्या हाती सहाव्या अध्यायातली सगळी अवजारे देतात. ज्या आधारचक्रापाशी सर्पिणी निजली होती, त्या आधारशक्तीची मांडी होते आणि तीवर साधक वाढतो. हृदयाकाशाचा पाळणा होतो. मन आणि पवन, ज्यांना कोंडताना योग्याची हाडे कुरकुरत होती, ती खेळणी होतात. सतरावी कला, म्हणजे चंद्रातले ते अमृत, आता स्तनातले दूध होते. अनाहत नाद अंगाईगीत होतो. आणि साप? तोही आहे, पण तो आता विषयांचा साप आहे, आणि त्याचे विष आईच्या नुसत्या नजरेने उतरते.

एकही पारिभाषिक शब्द न बदलता सगळे बदलले आहे. सहाव्या अध्यायात ती जेवत होती आणि साधक अन्न होता. इथे साधक पितो आणि ती अन्न आहे. सहाव्या अध्यायाने ज्याला मूल करून सोडले होते, त्या मुलाला बाराव्या अध्यायाने पाळण्यात घातले आहे. या दोन ठिकाणी विरोध आहे असे मानून, योगी ज्ञानदेव आणि भक्त ज्ञानदेव अशी वाटणी करणाऱ्यांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. आधीचे पान नसते तर दुसरे निव्वळ लडिवाळ झाले असते. आणि दुसरे पान नसते तर पहिले निव्वळ भयंकर. मराठी माणूस विठ्ठलाला आणि खुद्द ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणतो. हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यामागे एक हाडे खरवडणारी भूक शमलेली आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे मी आत्याला सांगू शकलो नाही. मला ते उमगले तेव्हा तिला जाऊन बारा वर्षे झाली होती, आणि आमच्या घरी घट बसवायचे काम माझ्या बायकोकडे आले होते. सांगितले असते तर तिने आणखी एक गोष्ट नक्की विचारली असती: दूध मिळाले, ते ठीक, पण ते एका पोराला की घरादाराला? तेही त्याच वंदनेत आहे. पाळण्यातले मूल दूध पिऊन गप्प बसत नाही, आईकडे हट्ट धरते. तिच्या पायांशी वाङ्मयाचे पीक येते असे म्हणून, साहित्याच्या सोन्याच्या खाणी आणि नऊ रसांचे समुद्र मागून घेते. आणि शेवटी मागते ते मराठीसाठी: या भाषेच्या नगरीत ब्रह्मविद्येचा सुकाळ होऊ दे, आणि तिथली देवघेव नुसत्या सुखाची असू दे.