जखम आणि संमति

न्यायालयाचा निकाल हाहि वाङ्मयाचाच एक प्रकार होय. त्यांतील शब्दांची परीक्षा करणें हें टीकाकाराचें काम आहे. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल या दृष्टीनें वाचावा. १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका अल्पवयी आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा हा खटला. नागपूर खंडपीठानें दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. मुलीच्या अंगावर जखम नव्हती, सबब प्रतिकारहि नव्हता, असें त्यांतील अनुमान आहे.

भयानें पत्करलेली शरणागति म्हणजे संमति नव्हे, असें नागपूरच्या न्यायमूर्तींनीं म्हटलें होतें. आम्हां अंजनगांव सुर्जीकरांस हा भेद शिकवावयास नको. ३० डिसेंबर १८०३ रोजीं येथील तहानें दौलतराव शिंद्यांनीं केवढा मुलूख इंग्रजांस दिला! तो त्यांनीं आनंदानें दिला, असें कोणता इतिहासकार म्हणेल?

वैद्यकशास्त्रहि हीच साक्ष देतें. अतिभयानें शरीर निश्चल होतें, वाचा बसते. मग झटापटीच्या खुणा कोठून उमटणार? खरी दुखापत पुढें महिनोन्‌महिने टिकते: निद्रानाश, दचकणें, ओटीपोटाचें दुखणें, खिन्नता, रोगसंसर्ग. निकालाच्या भाषेंत या दुखापतीस जागाच नाहीं.

१९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं या निकालाविरुद्ध अनावृत पत्र लिहिलें आणि १९८३ मध्यें कायदा सुधारला. आपल्या घरांतली भाषा मात्र अद्याप 'अब्रू गेली' येथेंच अडली आहे. त्या एका शब्दानें दुःख कुटुंबाचें होतें आणि दुखणाईत मुलगी औषधावांचून राहते. न्यायमूर्तींचे शब्द तपासणारांनीं आपलाहि हा शब्द तपासून पाहावा.