आजी सांगते, डॉक्टर सांगतात

अहेरीच्या शाळेतील पहिलीचा एखादा वर्ग घ्या. एका मुलाच्या घरी देवाला ‘पेन’ म्हणतात, दुसऱ्याच्या घरी ‘देवुडु’. तिसऱ्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी असतात. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरपाठोपाठ चंद्रपूरलाही धम्मदीक्षा झाली, तेव्हापासूनच्या. चौथा बदलीवर आलेल्या कारकुनाचा मुलगा, तो तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणतो. गोंड मुलाला धर्माची पहिली ओळख होते ती आपण चार देवांचे, सहा देवांचे की सात देवांचे, या बोलण्यातून. सोयरीक कोणाशी जमते आणि कोणाशी नाही, हे त्यावर ठरते. म्हणजे धर्म हे आधी ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर असते; ‘जग कसे चालते’ हा प्रश्न पुढचा.

पहिल्या उत्तराबद्दल आमची तक्रार नाही. ते प्रत्येक घराने आपापल्या परीने द्यावे. पंचाईत होते ती दुसऱ्या प्रश्नाशी. मूल ‘का?’ विचारते, आणि पालक म्हणतात, ‘बाप्पा कान कापेल,’ किंवा ‘मोठा झालास की कळेल.’ ही उत्तरे वाईट खरी, पण त्यांत फसवणूक थोडी आहे. मुलाला निदान एवढे समजते की येथे उत्तर मिळालेले नाही.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती शिकलेल्या पालकाच्या उत्तराची. (त्यांत शिक्षक पालकही आलेच.) आजी तुळशीला पाणी का घालते, असे मुलाने विचारले की वडील सांगतात, ‘तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडते, हे आपल्या पूर्वजांना माहीत होते.’ पिंपळाबद्दलही हेच सांगितले जाते. हे साफ चूक आहे. वनस्पती ऑक्सिजन सोडते तो प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते तेव्हा. अंधारात ही क्रिया थांबते आणि श्वसन तेवढे चालू राहते. म्हणजे रात्री तुळस आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरे, पण त्यांनाही ऑक्सिजन सोडण्यासाठी सकाळची वाट पाहावी लागते. या एका वाक्याने वडिलांनी दोन नुकसाने केली. विज्ञान म्हणजे वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यावर मारायचा शिक्का, असे मुलाला वाटू लागले. आणि आजीवरही अन्याय झाला. तिने ऑक्सिजनसाठी कधीच पाणी घातले नव्हते. ‘आजीची श्रद्धा आहे, तिला बरे वाटते’ हे उत्तर खरे होते, सोपे होते, आणि सहा वर्षांच्या मुलाला पुरेसे होते.

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लहान मुलांना जंतूंबद्दल विचारले आणि देवाबद्दलही. दोन्ही न पाहिलेल्या गोष्टी, दोन्ही मोठ्यांकडून ऐकलेल्या. मुलांनी दोन्ही आहेत असे सांगितले, पण जंतूंबद्दल ती अधिक ठाम होती. हॅरिस यांनी सुचवलेले एक कारण विचार करण्याजोगे आहे. ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असे कोणी म्हणत नाही. लोक सरळ ‘हात धू, जंतू असतात’ म्हणतात. देवाविषयी मात्र ‘आम्ही मानतो’ अशी भाषा येते, आणि मुले हा फरक टिपतात. आमच्या मते मराठी घरांत ही खूण बहुधा नसतेच. ‘देव बघतोय’ आणि ‘पाणी उकळतंय’ ही वाक्ये एकाच सुरात बोलली जातात.

आता ‘श्यामची आई’ पाहू. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक अजूनही पालकांच्या हाती आदर्श म्हणून दिले जाते. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. त्या काळी एका ब्राह्मण आईने मुलाला असे पाठवणे ही लहान गोष्ट नव्हती; तिचे वागणे तिच्या समजुतीच्या पुढे गेले होते. पण मग आंघोळ कशासाठी? हा प्रसंग मुलांना वाचून दाखवताना आपण आईचा कोणता गुण दिसतो ते विचारतो आणि आंघोळीवरून पुढे सरकतो. आंघोळीवरच थांबावे असे आम्हाला वाटते. त्या बाईने श्यामची आंघोळ पाहिली असती तर तिला काय वाटले असते? प्रेमळ आईची समजूतही चुकीची असू शकते, हे मुलाला येथे आईवरचे प्रेम कमी न होता शिकता येते.

हे सगळे पुस्तकी वाटेल, म्हणून अहेरी तालुक्यातलीच एक घटना सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये येथील दोन चिमुकले भाऊ तापाने गेले. आईवडिलांनी त्यांना आधी पुजाऱ्याकडे नेले होते, आरोग्य केंद्रात नंतर, अशी बातमी होती. मृतदेह नेण्यासाठी गाडी मिळाली नाही. सुमारे १५ किलोमीटरची चिखलवाट त्यांनी मुलांना खांद्यावर घेऊन तुडवली. या घटनेला नुसती अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे रस्त्याचा आणि गाडीचा दोष आईबापांच्या पदरात टाकणे. पण पुजारी आणि डॉक्टर यांचे शब्द त्यांनी लहानपणापासून कोणत्या सुरात ऐकले असतील, हाही प्रश्न उरतोच. डॉक्टर सांगतात म्हणून ऐक, एवढेच सांगितले तर डॉक्टर हा दुसरा पुजारी होतो.

शिक्षकांना एक गोष्ट करता येईल. गडचिरोलीत हिवताप परका नाही, आणि आरोग्य केंद्रात रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या जातात. मोठ्या वर्गातील मुलांना तेथे न्यावे. जे. एस. बी. रंगद्रव्य कसे लावतात ते पाहू द्यावे, भिंगाला डोळा लावू द्यावा. आमचा अनुभव असा की पहिल्या खेपेस बहुतेकांना जांभळे ठिपकेच दिसतात, आणि परोपजीवी कोणता हे तंत्रज्ञाच्या शब्दावरच मानावे लागते. तसे मुलांना स्पष्ट सांगावे. मग संसर्ग असलेली आणि नसलेली अशा दोन पट्ट्या, कोणती कोणती ते न सांगता, त्यांच्यापुढे ठेवाव्यात.