सूत्र, प्रकरण आणि उजळणी

'उजळणी' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. पाढे, पावकी, निमकी यांचे पुस्तक ती उजळणी. आणि पूर्वी शिकलेल्या विषयाची पुन्हा केलेली आवृत्ती तीही उजळणीच. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'उजळणे' ही क्रिया आहे. काळवंडलेले भांडे नुसते पाहत बसल्याने उजळत नाही, ते घासावे लागते. परीक्षेच्या तयारीची जी रीत आज पदव्युत्तर वर्गांतही सर्रास दिसते, तिच्यात मात्र पाहणेच फार आणि घासणे थोडे असते.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन हंगामांत होतात. सत्र संपत आले की टिपणांच्या वह्या निघतात, ओळींखाली रेघा ओढल्या जातात, गाईडांतील तयार उत्तरे तीनचारदा वाचली जातात. तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि विषय तयार झाला असा समज होतो. परंतु ओळख पटणे निराळे आणि आठवणे निराळे. परीक्षेच्या दालनात उत्तर समोर नसते. तेथे ते स्वतः उभे करावे लागते.

हा भेद प्रयोगांनीही दाखविला आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काही मात्र पुन्हा न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन सरस ठरले : ८१ टक्क्यांस ७५. आठवड्यानंतर पारडे फिरले : पुनर्वाचनास ४२ टक्के, तर आठवून लिहिण्यास ५६. म्हणजे जी रीत तत्काळ समाधान देते, तीच पुढे दगा देते. आवृत्त्यांमधील अंतराचे महत्त्व तर एबिंगहाउस याने १८८५ सालीच नोंदविले होते. निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ करताना तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी जे साधले, ते एकाच दिवशी लागोपाठ केलेल्या ६८ आवृत्त्यांच्या तोडीचे होते.

तथापि या निष्कर्षांचा अर्थ केवळ 'अधिक पाठ करा' असा घेतल्यास घोकंपट्टीचेच समर्थन होईल. स्मरणात काय ठेवावे आणि कशाच्या आधाराने ठेवावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यास विदर्भाबाहेर जावे लागत नाही.

म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांच्या आठवणी मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. या कार्याचे केंद्र होते आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्रात मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, असे परंपरा सांगते. याच लीळांतून केसोबासाने चक्रधरांची वचने निवडून 'सूत्रपाठ' रचला. सूत्र आटोपशीर असते, कंठस्थ करण्यास सोपे असते. पण ते कोणास, कोठे, कशावरून म्हटले हे गळून पडले की त्याचा अर्थ डळमळतो. म्हणूनच पंथात प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' हे वाङ्मय निर्माण झाले. स्मरणासाठी सूत्र आणि अर्थासाठी प्रकरण, अशी ही जोडी आहे.

गाईड हे प्रकरणावाचूनचे सूत्र होय. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घ्यावे. प्राकृतातील द्वित्त व्यंजन मराठीत एकेरी होते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो, हे सूत्र आणि 'हत्थ–हात', 'कम्म–काम', 'सत्त–सात' ही उदाहरणे त्याला मुखोद्गत असतात. पण 'हत्थी'पासून हिंदीत 'हाथी' झाला असता मराठीत 'हत्ती' का राहिला, असे विचारताच तो थबकतो. झूल ब्लॉक याच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासारखे विवेचन ज्याने नियम, अपवाद आणि पुरावा या क्रमाने वाचून मग पुस्तक मिटून स्वतः मांडून पाहिले असेल, त्याला निदान प्रश्नाचे स्वरूप तरी कळते. इतराला प्रश्नच अन्यायाचा वाटतो.

स्मरणावर विसंबण्यातला धोकाही याच परंपरेत दिसतो. स्मरणातून सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'चे अनेक पाठ झाले, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकास पोथ्यांच्या आधारे त्याचे संपादन करावे लागले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. आठवलेले सारेच खरे नसते. म्हणून पुस्तक मिटून लिहिलेले उत्तर मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे आणि जेथे पाठभेद आढळेल तेथेच पुढची उजळणी करणे, हा या पद्धतीचा अविभाज्य भाग होय. रोज थोडे, दिवसांचे अंतर ठेवून, प्रथम आठवून आणि मग ताडून असा तिचा क्रम सांगता येईल. त्यास गाईड लागत नाही. कोरा कागद आणि मूळ ग्रंथ पुरतो.

दोष सर्वस्वी विद्यार्थ्याच्या पदरी घालणे मात्र उचित नाही. सत्राचा काळ अपुरा असतो. शिवाय प्रश्नपत्रिकेत तेच ते प्रश्न त्याच शब्दांत येत राहिले, तर सूत्र घोकणाराच शहाणा ठरतो, आणि प्रकरण जाणणाऱ्याचे श्रम व्यर्थ जातात. विद्यार्थ्याच्या उजळणीचे वळण पुष्कळ अंशी प्रश्नपत्रिका काढणाराच ठरवीत असतो. 'द्वित्ताचा नियम सांगा' याऐवजी 'हत्ती हे रूप नियमात कसे बसते किंवा बसत नाही, ते साधार दाखवा' असे विचारले, तर पुढच्या सत्रातील वह्यांत रेघा कमी होतील आणि खाडाखोड अधिक दिसेल. ती खाडाखोड हेच अभ्यास झाल्याचे चिन्ह समजावे.