सांख्यिकीय प्रदेशरचना आणि ‘उर्वरित’ महाराष्ट्र : एक चिकित्सा

देशाचे किंवा राज्याचे सांख्यिकीय प्रदेशांत विभाजन करणे ही सामान्यतः तांत्रिक बाब समजली जाते. पाहणी-अहवालाच्या परिशिष्टात तिला स्थान मिळते आणि अभ्यासक ते परिशिष्ट सहसा उघडत नाहीत. वस्तुतः सरासरी कोणकोणत्या जिल्ह्यांची मिळून काढावयाची हे ठरले, की कोणाचे मागासलेपण नोंदले जाईल आणि कोणाचे झाकले जाईल हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीने राज्यांची विभागणी शेती-हवामान व लोकसंख्येची घनता यांत साम्य असलेल्या जिल्ह्यांच्या गटांत केली. महाराष्ट्रात असे सहा प्रदेश आहेत : किनारी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ ही लोकांच्या तोंडची नावे या यादीत नाहीत. ‘अंतर्गत मध्य’ म्हणजे मराठवाड्याचे आठ जिल्हे. तेथे केवळ नाव बदलले आहे. विदर्भाचे मात्र दोन तुकडे झाले आहेत. बुलडाण्यापासून नागपूरपर्यंतचे सात जिल्हे अंतर्गत पूर्व प्रदेशात, तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली पूर्व प्रदेशात मोडतात. कापूस पिकविणारा विदर्भ आणि धान व जंगल यांचा विदर्भ एक नव्हेत, हे या रचनेने ओळखले. राजकीय भाषणांत हा भेद क्वचितच आढळतो. त्या दृष्टीने संख्याशास्त्रज्ञांची दृष्टी अधिक डोळस म्हणावी लागेल.

हीच दृष्टी किनाऱ्यावर मात्र अधू ठरते. किनारी प्रदेशात मुंबई, ठाणे आणि रायगडबरोबर रत्नागिरी व सिंधुदुर्गही आहेत. ग्रामीण व नागरी आकडे वेगळे दिले जातात हे खरे. तरी ठाण्याच्या कारखानी पट्ट्यालगतचे खेडे आणि सिंधुदुर्गातील खेडे यांची एकत्र सरासरी नेमके कोणाचे चित्र दाखविते, हा प्रश्न उरतोच.

दुसरी विभागणी राज्यघटनेतील आहे. अनुच्छेद ३७१ (२) विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग मानतो व त्यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद करतो. ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पहिल्या दोन भागांना इतिहास आहे. ‘उर्वरित’ला तो नाही, वजाबाकीनंतर जे राहिले ते ‘उर्वरित’. त्यात मुंबई आहे, साखर कारखान्यांचा पश्चिम महाराष्ट्र आहे आणि सातपुड्यातील नंदुरबारही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के. राज्याची साक्षरता तेव्हा सुमारे ८२ टक्के होती. अशा जिल्ह्याला ‘प्रगत’ भागाचा रहिवासी ठरविणारी रेषा सदोषच म्हटली पाहिजे.

या संदर्भात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा १९८४ चा अहवाल पुन्हा वाचण्याजोगा आहे. समितीने जिल्हा हा मोजणीचा घटक धरला, राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट काढली आणि तिला अनुशेष म्हटले. एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. शेवटचा आकडा अनेकांना खटकला, कारण प्रगत समजल्या जाणाऱ्या भागाचा अनुशेष मराठवाड्याहून अधिक कसा, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु मोजणी जिल्हानिहाय झाली म्हणूनच ‘उर्वरित’च्या पोटात दडलेले मागास जिल्हे पुढे आले. भाग हाच मोजणीचा घटक असता, तर पुढारलेल्या जिल्ह्यांच्या आधिक्यात ही तूट विरून गेली असती. दोष पुढच्या पायरीचा आहे : मोजले जिल्ह्याने, बेरीज मात्र पुन्हा तीन भागांत मांडली गेली. अशा मांडणीत ज्या जिल्ह्याच्या नावाने तूट निघाली त्याच जिल्ह्यात निधी पोहोचेल, याची हमी राहत नाही.

प्रदेशरचना आणि निधी यांचे हे नाते केवळ आपल्याकडचे नाही. आयर्लंडने १९९९ मध्ये देशाचे दोन प्रदेश केले, त्यामागे पश्चिमेकडील भागाला युरोपीय संघाचे कमाल साहाय्य मिळत राहावे हा उघड हेतू होता.

विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. दिशा योग्यच होती. अडचण आकड्यांची आहे. नमुना पाहणीत घटक जितका लहान, तितकी त्यातील कुटुंबे कमी आणि अंदाजातील चूक मोठी. तालुक्यासाठी जनगणना व प्रशासकीय नोंदी यांवरच विसंबावे लागते, आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या बहुतेक पाहण्यांत जिल्हा हा नमुना निवडीचा मूलभूत स्तर करण्यात आला आहे. त्यामुळे सिंधुदुर्गचे चित्र ठाण्यापासून वेगळे पाहणे शक्य व्हावे. गडचिरोलीत मात्र रेल्वेमार्गावरील देसाईगंज आणि दुर्गम भामरागड हे दोन्ही तालुके यापुढेही एकाच सरासरीत राहतील.